रस्ता कुणाचा, ते आधी शोधा: ग्रामपंचायतीच्या नव्या सदस्याला

निवडून आल्यावर पंधरा दिवसांच्या आत कुणीतरी तुमच्या दारात येईल आणि म्हणेल, "वहिनी, शाळेच्या फाट्यावर गतिरोधक टाकून घ्या." माझ्याकडं दुसऱ्याच आठवड्यात आले होते. मी लगेच "टाकू की" म्हणून मोकळी झाले. तो शब्द द्यायचा मला अधिकारच नव्हता. हे कळायला चार महिने लागले, आणि तोवर माझ्याच घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं होतं.

मी ऊसपट्ट्यातल्या एका गावात वॉर्ड 2 ची सदस्य आहे, ही दुसरी टर्म. गावाच्या पोटातून मोठा रस्ता गेलाय. शाळा आणि दवाखाना अलीकडं, निम्मी वस्ती पलीकडं. सदस्याच्या हातात सही, एक मत आणि दोन पाय एवढंच असतं. एवढ्यावर रस्त्याचं काम कसं पुढं न्यायचं, ते नव्याने निवडून आलेल्या ताई-दादांसाठी लिहिते आहे.

रस्त्याचं नाव-गाव

पहिलं काम म्हणजे रस्ता कुणाचा ते शोधणं. गावकऱ्याच्या लेखी सगळेच रस्ते "ग्रामपंचायतीचे" असतात. प्रत्यक्षात गावठाणातल्या गल्ल्या आणि अंतर्गत काँक्रीट रस्ते आपले. गावाला गाव जोडणारे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग, म्हणजे कागदावर दिसतात ते ग्रा.मा. आणि इ.जि.मा., जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे. प्र.जि.मा. म्हणजे प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. गावाजवळून राष्ट्रीय महामार्ग जात असेल तर त्याची तक्रार 1033 वर नोंदवता येते. पाणंद आणि शिवरस्त्यांची अडवणूक असेल तर तहसीलदारांकडं जावं लागतं.

ओळखायचं कसं? रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड बघा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्यमार्ग. ग्रामसडक योजनेतून झालेल्या रस्त्याला सुरुवातीला फलक असतो. त्यावर योजनेचं नाव, लांबी, ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख सगळं लिहिलेलं असतं. तो फलक मोबाईलमध्ये टिपून ठेवा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची देखभाल काम झाल्यापासून 5 वर्षं ठेकेदाराकडंच असते. आमच्या मळ्याकडच्या रस्त्याला तिसऱ्या वर्षी खड्डे पडले, तेव्हा ग्रामपंचायत आपल्या पैशानं मुरूम टाकायला निघाली होती. फलकावरची तारीख दाखवली आणि ते थांबवलं. तेच काम पत्र दिल्यावर ठेकेदाराकडून झालं, उशिरा का होईना.

आणि आपल्या रस्त्याचा क्रमांक आणि साखळी क्रमांक, म्हणजे ती जागा रस्त्याच्या कितव्या किलोमीटर-मीटरवर आहे तो आकडा, पाठ करा. "मारुतीच्या देवळाजवळचं वळण" हे आपल्याला कळतं, शाखा अभियंत्याला "कि.मी. 12/300" कळतं. दगडापासून अंतर मोजून काढता येतं. अर्जात हा आकडा असला की तो अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

एका रात्रीत बांधलेला गतिरोधक

माझ्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या माणसाला डेअरीला दूध घालायला जाताना जीपनं उडवलं. पाय मोडला. गाव पेटून उठलं. त्याच रात्री मंडळाच्या पोरांनी खडी-सिमेंट आणून फाट्यावर आडवा बांध घातला. फूटभर उंच, वीतभर रुंद. मी तिथंच उभी होते. मी सदस्य होते, मी त्यांना अडवलं नाही. उलट मला वाटलं, काहीतरी झालं एकदाचं. तिसऱ्या रात्री माझे नणंदोई आणि नणंद मोटरसायकलवरून लग्न उरकून येत होते. तिथं दिवा नव्हता, पट्टा नव्हता, फलक नव्हता. नणंद मागून फेकली गेली आणि खुब्याचं हाड मोडलं. आजही त्या काठी घेऊन चालतात.

म्हणून मी गतिरोधकाबद्दल मापानिशी बोलते. भारतीय रस्ते महासभेनं (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) ठरवून दिलेला गोलसर गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि मध्यावर 10 सेंटीमीटर उंच असतो. त्यावरून 25 च्या वेगानं गाडी सहज जाते, त्याहून जोरात गेली तर धक्का बसतो. रुंदी जास्त आणि उंची कमी, हे त्याचं सगळं मर्म आहे. वर काळे-पांढरे पट्टे हवेत आणि 40 मीटर अलीकडं इशाऱ्याचा फलक हवा. राष्ट्रीय महामार्गावर तर असा गतिरोधक चालतच नाही. तिथं रंबलर, म्हणजे थोड्या थोड्या अंतरावर जाड पट्टे मारतात. गाडी खडखडते आणि चालकाचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. दुसऱ्याच्या मालकीच्या रस्त्यावर आपण हातानं काही बांधलं आणि त्यावर कुणी पडलं, तर उत्तर आपल्याला द्यावं लागतं. पोरांना हे रागावून सांगू नका. त्यांची तळमळ खरी असते. त्यांना पुढच्या कामाला लावा. ते काम खाली सांगते.

फाट्यावर उभं राहा

तक्रार लिहायच्या आधी तीन दिवस त्या जागेवर जाऊन उभं राहायचं. बाजाराच्या दिवशी, साध्या दिवशी आणि अंधार पडल्यावर. मी बचत गटातल्या दोघीजणींना बरोबर घेतलं होतं, आणि मंडळाच्या त्याच पोरांना वही दिली होती.

आम्ही एकच गोष्ट मोजली. वळणावर गाडी पहिल्यांदा दिसल्यापासून ती फाट्यावर येईपर्यंत किती सेकंद जातात? मोबाईलच्या घड्याळावर लावलं तर बहुतेक गाड्यांना 4 सेकंद लागत होते. मग पहिलीतल्या मुलीला, आईच्या देखरेखीत, शाळेच्या मैदानात रस्त्याच्या रुंदीएवढं म्हणजे 7 मीटर चालायला लावलं. दप्तरासकट तिला 7 ते 8 सेकंद लागले. म्हणजे रस्ता मोकळा बघून पाऊल टाकलेलं लेकरू मधोमध असताना गाडी अंगावर येणार. हे गणित मी ग्रामसभेत सांगितलं तेव्हा एरवी मागं बसून गप्पा मारणारे बाप्येही गप्प झाले. साठच्या वेगानं येणारी गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर पुढं सरकते, हे आता गावातल्या पोरांना पाठ आहे.

उभं राहताना एकदा खाली बसून बघा, पहिलीतल्या पोराच्या उंचीवरून. मी बसले आणि मला वळण दिसेचना. मध्ये वेडी बाभूळ माजलेली आणि तिच्यापुढं वाढदिवसाचा मोठा फ्लेक्स. आम्ही मोठी माणसं त्या फ्लेक्सच्या वरून बघत होतो.

बाभूळ एका रविवारी श्रमदानातून छाटली. रस्त्याच्या हद्दीतली झाडं-झुडपं छाटायच्या आधी त्या विभागाला कळवायचं असतं, तेवढं पत्र दिलं होतं. फ्लेक्सचं काम नाजूक होतं, कारण फ्लेक्स गावातल्या वजनदार घरातल्या मुलाचा. सभेत विषय काढला असता तर पार्ट्या पडल्या असत्या. मी संध्याकाळी त्या मुलाच्या आईकडं गेले. "काकी, तुमचा नातू पण त्याच शाळेत आहे," एवढंच म्हणाले आणि मोबाईलमधला, खाली बसून काढलेला फोटो दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स उतरला होता. तिथं पुन्हा फ्लेक्स लावायचा नाही, असा ठराव मग मासिक सभेत बिनविरोध झाला. जाहिरात फलकांना ग्रामपंचायतीची परवानगी लागते, ती त्या जागेला द्यायचीच नाही, एवढं साधं.

फक्त या दोन गोष्टींनी 4 सेकंदांचे 6 झाले. एक रुपया खर्च झाला नाही. म्हणून सांगते, आधी दिसणं मोकळं करा, मग गतिरोधक मागा.

कागद कसा हलवायचा

तोंडी बोलण्याला कार्यालयात वजन नसतं. ग्रामसभेच्या ठरावाला असतं. वर्षातून किमान 4 ग्रामसभा होतात. तुमचा विषय विषयपत्रिकेवर यावा म्हणून भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकांना (2024 पासून पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, आम्ही भाऊसाहेबच म्हणतो) आधीच लेखी द्या आणि पोच घ्या. "आयत्या वेळचे विषय" मध्ये रस्त्याचा विषय ढकलू देऊ नका. तोवर लोक उठून गेलेले असतात. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 जण, जे कमी असेल ते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, म्हणून तुमच्या वॉर्डातली माणसं तुम्ही आणा. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथं हा विषय आधी घ्या. फाट्यावरून पोरांना हाताला धरून नेणाऱ्या बायकाच असतात, त्या जे बोलतात ते इतिवृत्तात जसंच्या तसं यायला हवं.

ठरावाची भाषा अशी ठेवा:

"मौजे … येथील प्राथमिक शाळेसमोर प्र.जि.मा. क्र. … वर कि.मी. … येथे शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी अंदाजे … विद्यार्थी रस्ता ओलांडतात. वळणावरून येणारे वाहन … मीटर अंतरावरूनच दिसते. मागील 3 वर्षांत या ठिकाणी … अपघात होऊन … व्यक्ती जखमी व … मयत झाल्या आहेत. तरी संबंधित विभागाने 30 दिवसांत संयुक्त पाहणी करून वेग कमी करण्याची योग्य ती उपाययोजना करावी. सूचक … अनुमोदक … ठराव सर्वानुमते मंजूर."

यात गतिरोधक हा शब्द नाही, ते मुद्दाम. आपण एकच वस्तू मागितली की "नियमात बसत नाही" एवढं एका ओळीचं उत्तर येतं. पाहणी मागितली की अभियंत्याला जागेवर यावं लागतं. जागेवर आला की त्याला फाट्यावर शाळा सुटायच्या वेळेलाच उभं करा, दुपारी चहाच्या वेळेला नको.

ठराव झाला की त्याची प्रत सरपंचांच्या सहीच्या पत्राबरोबर उपअभियंत्याला द्या. कार्यकारी अभियंता, पोलीस ठाणे, गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती यांना प्रती पाठवा. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक घ्या. मी एका साध्या दोनशेपानी वहीत तारीख, आवक क्रमांक, कुणाशी बोलले, काय म्हणाले असं लिहीत गेले. आमचं पहिलं पत्र एका कार्यालयात "सापडत नाही" असं झालं होतं. वहीतला आवक क्रमांक सांगितल्यावर ते सापडलं. महिना झाला आणि उत्तर नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करा: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप आणि एकच प्रश्न, "या आवक क्रमांकाच्या पत्रावर आजवर काय कार्यवाही झाली?" चिडून लिहू नका. तो अभियंता उद्या आपल्याच रस्त्याला लागणार आहे.

आमच्या फाट्याला 14 महिने लागले. त्यातून रंबलरचे पट्टे आले, दोन्ही बाजूंना "पुढे शाळा" असे फलक आले, झेब्रा पट्टा आला. एस.टी.चा थांबा बरोबर वळणावर होता, बस थांबली की तिच्या पुढून पोरं पळायची. आगार व्यवस्थापकांना वेगळं पत्र देऊन तो पुढं सरकवून घेतला. मला विचाराल तर या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोग थांबा हलवण्याचा झाला.

अपघाताची नोंद

गावात किरकोळ अपघात "मिटवून टाकायची" रीत आहे. पाच हजार घ्या, दहा हजार घ्या, गाडी सोडा. घरच्यांची अडचण मला कळते. पण नोंद नसेल तर ती जागा सरकारच्या लेखी धोक्याची नसते. राष्ट्रीय महामार्गावर अपघातप्रवण ठिकाण ठरवताना साधारण 500 मीटरच्या पट्ट्यात 3 वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे 5 अपघात झालेत का, किंवा एकूण 10 मृत्यू झालेत का, हे बघतात. मोजणी कागदावरच्याच अपघातांची होते.

नोंदीचा दुसरा उपयोग त्या घराला होतो, आणि इथं सदस्यानं धावायचं असतं. गाडी ठोकून पळून गेली आणि सापडलीच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या केंद्राच्या योजनेत मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार रुपये मिळतात. अर्ज तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्यांकडं करायचा. शेतकरी कुटुंबातलं माणूस असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूला 2 लाख मिळतात, ते तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून. 2025 पासून रस्ता अपघातातल्या जखमीला नियुक्त रुग्णालयात पहिले 7 दिवस दीड लाखापर्यंत उपचार पैसे न भरता मिळण्याची योजना आहे. या सगळ्याला पहिला कागद लागतो तो पोलिसांचा. दहाव्या दिवशी सांत्वनाला जाणारे खूप असतात. तिसऱ्या दिवशी पंचनाम्याची नक्कल आणायला सोबत जाणारं माणूस लागतं, ते तुम्ही व्हा. मृत्यूची नोंदही 21 दिवसांत करून घ्या, नंतर तेच काम किचकट होतं.

लोक जखमीला हात लावायला घाबरतात, कारण "पोलीस आपल्यालाच बसवून ठेवतील". मोटार वाहन कायद्यात 2019 साली 134अ हे कलम आलं. मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. हे आम्ही फाट्यावरच्या टपरीवाल्याला, पंक्चरवाल्याला आणि रसवंतीवाल्याला एकेकटं बसवून सांगितलं, कारण पहिली धाव त्यांचीच असते. त्यांच्या दुकानात आतल्या बाजूला 108 आणि 112 मोठ्या अक्षरात, आणि त्याखाली त्या जागेचा किलोमीटर लिहून ठेवलाय. घाबरलेल्या माणसाला आपण कुठं उभे आहोत हेही सांगता येत नाही.

दिवे, निधी आणि पोरांच्या गाड्या

दिव्याचं सोपं आहे, आणि ते पूर्ण आपल्या हातात आहे. खांब आणि तार महावितरणची, दिवा आणि फिटिंग ग्रामपंचायतीचं. आम्ही वॉर्डातल्या प्रत्येक खांबावर ऑइल पेंटनं क्रमांक टाकले. आता लोक "भैरोबाकडचा दिवा" म्हणत नाहीत, "17 नंबर बंद आहे" म्हणून व्हॉट्सॲपला टाकतात. वायरमनही एका फेरीत सगळे करतो. एलईडी घेताना सगळीकडं एकसारखे वाटू नका. आधी फाटा, दवाखान्याचं वळण, ओढ्यावरचा पूल, मग गल्ल्या. यात आपल्या दारापुढं दिवा मागणारे नातेवाईक नाराज होतात, ते सोसायची तयारी ठेवा.

पैसा आराखड्यातून येतो. पुढच्या वर्षाचा विकास आराखडा ऑक्टोबरपासून आकार घेतो. तेव्हा तुमचं काम त्यात शिरलं नाही तर वर्षभर "निधी नाही" ऐकावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगाचा 60 टक्के निधी पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता आणि 40 टक्के मोकळा, त्या मोकळ्यातून आमचे दिवे झाले. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला 5 टक्के दिव्यांगांसाठी असतो. तो दरवर्षी वस्तुवाटपात संपवण्यापेक्षा आम्ही एकदा दवाखान्याच्या पायऱ्यांशेजारी उतार करून घेतला. माझ्या नणंदेलाही तोच उपयोगी पडतो. नळाच्या पाइपसाठी रस्ता खणला जातो तेव्हा खड्डा बुजवून रस्ता पूर्ववत केल्याचा फोटो आल्याशिवाय काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर ग्रामपंचायतीची सही जाऊ देऊ नका. पावसाळ्यात दुचाकी घसरते ती याच चरांत.

अठरा वर्षांच्या आतल्या पोरांच्या हातातल्या गाड्या हा सगळ्यात अवघड विषय, कारण गाडी देणारे आपलेच भाऊबंद. कायद्यानं अशा अपघातात गाडीमालकाला किंवा पालकाला 3 वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड आणि गाडीची नोंदणी वर्षभर रद्द अशी शिक्षा आहे, आणि त्या पोराला वयाच्या 25 पर्यंत लायसन मिळत नाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या गावात ही शेवटची गोष्ट बापांना दंडापेक्षा जास्त लागते. मी पालकसभेत तीच सांगते.

ऊस सुरू व्हायच्या आत

दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झालं की आमच्या रस्त्याचं रूपच पालटतं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, रात्रीची वाहतूक. मागून येणाऱ्या मोटरसायकलला अंधारात बाहेर आलेलं वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, आणि ट्रॉली दिसतच नाही. म्हणून कोजागिरीच्या आठवड्यात आम्ही एक फेरी करतो. गावातले सगळे ट्रॅक्टरमालक आणि ऊसतोड टोळ्यांचे मुकादम यांना चावडीवर बोलावतो, ट्रॉलीच्या मागं लाल आणि बाजूला पिवळी परावर्तक पट्टी तिथंच चिकटवतो, बैलगाडीच्या साटीला मागून लावतो आणि बैलांच्या शिंगांनाही पट्टी गुंडाळतो. पट्टीचा रोल कारखान्याच्या गट कार्यालयाकडं मागितला तर मिळतो. नाही मिळाला तर वर्गणीतून आणतो, पण पट्टी नसलेली गाडी रस्त्यावर जाऊ देत नाही. ट्रॉली बंद पडली तर मागं दगड लावून ठेवायची सवय आहे. गाडी निघून जाते आणि दगड रस्त्यात राहतात, तेव्हा दगड उचलायचे, हे मुकादमाकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या.

त्याच फेरीत फाट्यावरचे पट्टे पुसलेत का, फलकावर कुणी पोस्टर चिकटवलंय का, बाभूळ पुन्हा वाढलीय का, हेही बघून घेते. खाली बसून, पहिलीतल्या पोराच्या उंचीवरून. यंदा पट्टे निम्मे गेलेत. पत्र दिलंय, आवक क्रमांक वहीत आहे, सोमवारी पुन्हा जायचंय.